मुलांच्या हाडांची घनता आणि तरुणपणातली हाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाडं ठिसूळ होण्याची काळजी बहुतेकांना पन्नाशीनंतर वाटू लागते. पण हाडांच्या बांधणीचं मुख्य काम शाळा-कॉलेजच्या वयातच उरकलेलं असतं. त्या वयाबद्दल पालकांना आणि तरुणांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. जिथे गैरसमज जास्त, तिथे उत्तरं लांबली आहेत. बाकी ठिकाणी आटोपती घेतली आहेत. तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांचं मत वेगळं असेल, तर तेच धरा.

हाडांची घनता म्हणजे नेमकं काय मोजतात?

हाडात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक, कोलॅजन या प्रथिनाची जाळी आणि दोन, त्या जाळीत बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक. जाळीमुळे हाड थोडं वाकू शकतं, स्फटिकांमुळे ते कडक राहतं. तपासणीत मोजलं जातं ते हे खनिज. डेक्सा नावाच्या यंत्रात दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण वापरतात आणि हाडाच्या पडछायेच्या दर चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम खनिज आहे हे काढतात.

इथेच पहिली गोम आहे. हाड किती मजबूत आहे हे फक्त खनिजावर ठरत नाही. हाडाची रुंदी, त्याच्या भिंतीची जाडी, आतल्या जाळीची वीण, कोलॅजनचा दर्जा, हे सगळं त्यात येतं. तेवढ्याच लोखंडाची एक बारीक भरीव कांब आणि एक रुंद पोकळ नळी केली, तर वाकवायला नळी कितीतरी कठीण जाते. मांडीचं किंवा दंडाचं हाड नळीसारखंच असतं, म्हणून वाढीच्या वयात ते बाहेरच्या बाजूने थोडं जरी रुंद झालं तरी ताकदीत मोठा फरक पडतो. घनतेच्या आकड्यात हा फरक नीट दिसतही नाही.

हाडं कोणत्या वयापर्यंत भरत राहतात?

जन्मलेल्या बाळाच्या अंगात साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम असतं. प्रौढ माणसात ते एक किलोच्या आसपास असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडा-दातांत असतं. एवढी भर घालायला वीसेक वर्षं लागतात, पण ती दरवर्षी सारखी पडत नाही.

कॅनडातल्या सस्कॅचवान इथे १९९१ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात शाळकरी मुलांची हाडं वर्षानुवर्षं मोजत गेले. त्यातून दिसलं की हाडात खनिज भरण्याचा वेग मुलींमध्ये सरासरी साडेबाराव्या वर्षी आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वात जास्त असतो. त्या काळात मुलाच्या हाडांत रोज सुमारे ३६० मिलिग्रॅम आणि मुलीच्या हाडांत सुमारे २८० मिलिग्रॅम कॅल्शियम जाऊन बसतं. प्रौढपणी असणाऱ्या एकूण खनिजापैकी जवळजवळ एक चतुर्थांश खनिज या शिखराच्या आसपासच्या दोनच वर्षांत जमा होतं. म्हातारपणी कित्येक दशकांत जेवढं हाड झिजतं, साधारण तेवढं या दोन वर्षांत बांधलं जातं.

विशीत शिरताना ९० टक्क्यांहून जास्त काम झालेलं असतं. उरलेली भर विशीत हळूहळू पडते. खुब्याचं हाड आधी शिखर गाठतं, मणक्यांना जास्त वेळ लागतो. या शिखराला डॉक्टर ‘पीक बोन मास’ म्हणतात. पुढच्या आयुष्यात हाड झिजणारच, फक्त ती झीज किती उंचीवरून सुरू होते ते इथे ठरतं. एका गणिती प्रतिमानानुसार हे शिखर १० टक्क्यांनी उंच असेल, तर हाडं ठिसूळ होण्याची वेळ सुमारे १३ वर्षं पुढे जाऊ शकते. हा हिशोब कागदावरचा आहे, प्रत्यक्ष माणसांवर तेवढी वर्षं थांबून मोजलेला नाही. पण दिशा कळायला तो पुरेसा आहे.

मुलगा झपाट्याने उंच होतोय आणि नेमका आत्ताच हात मोडला. हाडं कच्ची आहेत का?

बहुधा नाही. या वयात हाडांची लांबी आधी वाढते आणि खनिज मागाहून भरतं. उंचीचा वेग आणि खनिज भरण्याचा वेग यांच्या शिखरांमध्ये सरासरी आठेक महिन्यांचं अंतर असतं. तेवढे दिवस हाड लांब झालेलं असतं, पण पुरतं भरलेलं नसतं, विशेषतः मनगटाजवळ. त्यातच अंगात ताकद आलेली, खेळ जोरात चाललेला आणि आपले हातपाय कुठवर पोहोचतात याचा अंदाज अजून न आलेला. म्हणून मनगटाची फ्रॅक्चर्स मुलींमध्ये साधारण १० ते १२ आणि मुलांमध्ये १२ ते १४ या वयात सर्वाधिक दिसतात.

फ्रॅक्चर कसं झालं हे मात्र डॉक्टरांना नीट सांगा. सायकलवरून किंवा झाडावरून पडून मोडलेला हात वेगळा आणि चालता चालता अडखळून मोडलेला वेगळा. लहानपणी किरकोळ धक्क्याने मनगट मोडलेल्या मुलांची हाडं मोठेपणीही सरासरीने थोडी कमजोर आढळली आहेत. जोरदार अपघातात मोडलेल्यांची तशी आढळलेली नाहीत. असं एकदा घडलं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण पुन्हा पुन्हा घडलं तर तपासायला हवं. आणि पाठीचा मणका खास मार न लागता दबला असेल, तर एकदाच घडलं तरी पुरे, लगेच तज्ज्ञांना दाखवा.

आमच्याकडे आजी आणि आई दोघींची हाडं ठिसूळ. मग मुलांसाठी करण्यासारखं काही उरतं का?

उरतं. माणसामाणसांच्या हाडांत जो फरक दिसतो त्यातला ६० ते ८० टक्के आनुवंशिक असतो, हे खरं. पण आनुवंशिकतेमुळे वरची मर्यादा ठरते. त्या मर्यादेपर्यंत पोहोचणं आहार, हालचाल, वेळेवर वयात येणं आणि आजारपणं यांवर अवलंबून असतं. ज्यांची मर्यादाच थोडी खाली आहे, त्यांना ती पूर्ण गाठण्याची गरज इतरांपेक्षा जास्त.

एक खरं की, मुलांची घनता त्यांच्या वयाच्या मानाने ज्या पट्ट्यात असते, बहुतेक त्याच पट्ट्यात पुढेही राहते. काही मुलं वर-खाली सरकतात, पण मोठी उडी क्वचित. म्हणून घरात असा इतिहास असेल तर शाळकरी वयापासूनच लक्ष दिलेलं बरं.

रोज किती कॅल्शियम लागतं?

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० साली ठरवलेलं प्रमाण असं: १ ते ३ वर्षं ७०० मिलिग्रॅम, ४ ते ८ वर्षं १,००० मिलिग्रॅम, ९ ते १८ वर्षं १,३०० मिलिग्रॅम आणि १९ ते ५० वर्षं १,००० मिलिग्रॅम. इतर देशांचे आकडे यापेक्षा कमी-जास्त आहेत, आणि तज्ज्ञांमध्येही यावर एकमत नाही. त्यामुळे १,३०० च्या जागी रोज १,००० पोटात गेलं म्हणून झोप उडवून घेऊ नका. रोज ३००-४०० वरच गाडी अडली असेल, तर मात्र ती खरी कमतरता आहे.

अंदाजासाठी: पाव लिटर दुधातून सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळतं, तेवढ्याच दह्यातूनही जवळपास तेवढंच.

मुलगी दुधाला तोंड लावत नाही. गोळ्या सुरू कराव्यात का?

आधी दुधाशिवाय काय काय खाते ते पाहा. दही, चीज, कॅल्शियम घालून घट्ट केलेलं टोफू, कॅल्शियम मिसळलेलं सोयादूध, काट्यांसकट खाल्ली जाणारी छोटी मासळी, तीळ, बदाम, डाळी-कडधान्यं असं मिळून बरंच काही जमतं. दुधातली साखर पचत नसेल तरी दही आणि मुरलेलं चीज बहुतेकांना चालतं.

गोळ्यांबद्दल उगाच मोठी आशा धरू नये. निरोगी मुलांना कॅल्शियमच्या गोळ्या देऊन पाहिलेल्या १९ चाचण्यांचा, एकूण २,८५९ मुलांचा, एकत्रित आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. खुबा आणि मणका यांच्या घनतेत फरक आढळला नाही. हाताच्या हाडांत १.७ टक्क्यांच्या आसपास फरक दिसला, आणि त्याने फ्रॅक्चर टळतील असं म्हणायला फारसा आधार नव्हता. ज्यांचं खाणं ठीक आहे, त्यांच्या हाडात वरून जास्तीचं कॅल्शियम ढकलता येत नाही. आहारात खरोखरच फार तूट असेल आणि ती खाण्याने भरून निघत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी जरूर द्या.

प्रथिनंही विसरू नका. हाडातली जाळी त्यांचीच बनते. कॅल्शियमच्या नादात जेवणाकडे दुर्लक्ष झालेली मुलं दिसतात, आणि तो उलटाच उद्योग आहे.

पालकात भरपूर कॅल्शियम असतं ना?

असतं, पण ऑक्झलेटने (कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या एका घटकाने) बांधलेलं. दुधातलं कॅल्शियम २५ ते ३० टक्के शोषलं जातं, पालकातलं जेमतेम ५ टक्के. केल, ब्रोकोली, कोबी या वर्गातल्या भाज्यांत ऑक्झलेट कमी असतं, त्यामुळे त्यांतलं कॅल्शियम अंगी लागतं. पालक इतर गुणांसाठी खुशाल खा.

ड जीवनसत्त्वाची तपासणी सगळ्या मुलांची करावी का?

सरसकट नको. ड जीवनसत्त्वामुळे आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. ते फारच कमी पडलं की वाढत्या हाडात खनिज नीट बसत नाही, हाडं मऊ राहून वाकतात. हा मुडदूस. तो आणि हाडं ठिसूळ होणं हे दोन वेगळे आजार आहेत. मुडदुसात हाडाची जाळी तयार असते पण खनिज भरत नाही. ठिसूळपणात मुळात हाडच कमी असतं.

रक्तातलं प्रमाण मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम किंवा जास्त असेल तर ते पुरेसं मानतात. १२ च्या खाली गेलं तर स्पष्ट कमतरता. रोजची गरज १ वर्षानंतर ६०० आययू, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम. तान्ह्या बाळांना पहिलं वर्षभर रोज ४०० आययू द्यावं अशी २०१६ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाची शिफारस आहे, कारण आईच्या दुधात ते फार कमी असतं.

त्वचेत हे जीवनसत्त्व उन्हातल्या अतिनील-ब किरणांमुळे तयार होतं. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, तेव्हा काचेआड ऊन अंगावर घेऊन उपयोग नाही. त्वचा जितकी गडद तितका वेळ जास्त लागतो. पूर्ण अंग झाकणारे कपडे, दिवसभर घरात असणं, अपस्माराची काही औषधं, यकृत-मूत्रपिंडाचे आजार, यांपैकी काही असेल तर तपासणीला अर्थ आहे. ज्यांची पातळी आधीच ठीक आहे, त्यांना जास्तीचा डोस देऊन हाडं अधिक मजबूत झाल्याचं दिसलेलं नाही. मोठ्या मात्रेच्या गोळ्या मनाने महिनोन्महिने घेतल्या, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

मग हाडांसाठी सर्वात परिणामकारक काय?

उड्या. धावणं, दोरीवरच्या उड्या, चेंडूचे खेळ, पकडापकडी, नाच, जिम्नॅस्टिक्स. ज्यात पाय जमिनीवर आदळतात आणि दिशा पटकन बदलावी लागते, असं काहीही.

हाडातल्या पेशींना ताण कळतो. जिथे वाकण्या-दबण्याचा जोर नेहमीपेक्षा जास्त पडतो, तिथे त्या हाड घालायला लावतात. हाड आपल्यावर येणाऱ्या भारानुसार घडतं, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ सालीच मांडलं होतं. टेनिस खेळणाऱ्यांचे दोन्ही हात मोजले की हे उघड दिसतं, कारण माणूस तोच, रक्त तेच, खाणं तेच आणि तरीही रॅकेटच्या हाताचं हाड जास्त भरलेलं. फिनलंडमधल्या टेनिस-स्क्वॉश खेळाडू मुलींवरच्या १९९५ च्या अभ्यासात, पहिली पाळी येण्याआधी किंवा त्या सुमारास खेळ सुरू केलेल्यांमध्ये दोन हातांतला फरक, बऱ्याच उशिरा खेळायला लागलेल्यांच्या दोन ते चार पट होता.

अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये वयात येण्याआधीच्या मुलांवर एक सरळसाधा प्रयोग झाला. एका गटाने ६१ सेंटिमीटर उंचीच्या खोक्यावरून आठवड्यातून ३ दिवस, दरवेळी १०० उड्या मारल्या. सात महिन्यांत त्यांच्या मांडीच्या हाडाच्या मानेत दुसऱ्या गटापेक्षा ४.५ टक्के आणि मणक्यात ३.१ टक्के जास्त खनिज भरलं. पुढे उड्या बंद झाल्या, तरी ८ वर्षांनी खुब्यात सुमारे १.४ टक्के फरक शिल्लक होता. गोळ्यांच्या चाचण्यांशेजारी हे आकडे ठेवून पाहा.

घरी हेच करताना खोका आणावा लागत नाही. थोड्या वेळाची उसळती हालचाल, आठवड्यातून तीन-चार वेळा, आणि मध्ये खंड पडला तरी पुन्हा सुरू करणं, एवढं पुरतं. सलग तासभर एकच हालचाल करण्यापेक्षा थोडं थोडं, विभागून केलेलं बरं, कारण काही डझन ठोक्यांनंतर हाडाच्या पेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि विश्रांतीनंतर परत जागा होतो. खेळत्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. तीच धावतात, थांबतात, पुन्हा धावतात. अडचण होते ती दिवसभर बाकावर बसवून संध्याकाळी पुन्हा क्लासला बसवलेल्या मुलांची.

मुलगा रोज पोहतो. ते पुरेसं नाही?

हृदयाला आणि फुप्फुसांना उत्तम. हाडांना फारसं नाही, कारण पाणी शरीराचा भार पेलतं. पोहणाऱ्यांची घनता साधारणपणे न खेळणाऱ्यांइतकीच भरते. सायकलिंगचंही तसंच. सोडायला सांगू नका, आठवड्यातून काही दिवस उड्या-धावण्याचा खेळ जोडून द्या.

वजनं उचलल्याने उंची खुंटते का?

नाही. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, पेलेल तेवढ्याच वजनाने आणि नीट तंत्राने केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. वाढीच्या पट्टीला (हाडाच्या टोकाजवळच्या, जिथून हाड लांब होतं त्या भागाला) इजा होते ती बहुतेक वेळा पडण्याने, आपटण्याने किंवा एकट्याने ताकदीबाहेरचं वजन उचलण्याच्या पैजेत.

माझी मुलगी धावपटू आहे. चार महिन्यांपासून पाळी आलेली नाही. प्रशिक्षक म्हणतात की सराव जास्त असला की असं होतंच. खरं का?

असं होतं हे खरं, पण ते चालवून घ्यायचं नसतं. या पानावरच्या सगळ्या प्रश्नांत उशीर न करता कृती करायला हवी असा हा प्रश्न आहे.

सरावात खर्च होते तेवढी ऊर्जा खाण्यातून मिळाली नाही, की शरीर आधी प्रजननाचं काम थांबवतं. इस्ट्रोजेन घसरतं, आणि हाडाची झीज रोखणारं मुख्य संप्रेरक तेच. सोबत हाड बांधायला लावणारे इतर वाढीचे घटकही कमी होतात. ज्या वयात हाड झपाट्याने भरायला हवं, त्याच वयात ते उतरणीला लागतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ हे नाव दिलं. लांब पल्ल्याचं धावणं, जिम्नॅस्टिक्स, नृत्य, वजनगटांचे खेळ, जिथे बारीक असण्याला बक्षीस आहे तिथे हे जास्त दिसतं. पहिलं लक्षण बऱ्याचदा नडगीचं किंवा पायाच्या पंज्याचं ताणाने पडलेलं बारीक फ्रॅक्चर असतं, ज्याला ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात.

तीन महिने सलग पाळी चुकली, किंवा पंधरावं वर्ष पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. गर्भधारणा, थायरॉइड, इतर संप्रेरकांचे दोष आधी वगळावे लागतात. त्यानंतर मुख्य उपाय म्हणजे खाणं वाढवणं आणि काही काळ सराव कमी करणं. पाळी आणण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या तर दर महिन्याला रक्तस्राव होतो आणि घरच्यांना वाटतं, मिटलं. हाडांचं नुकसान मात्र त्याने भरून निघत नाही. खाणं-विश्रांतीने पाळी परत आलीच नाही, तर त्वचेवरच्या पट्टीतून इस्ट्रोजेन देण्याचा विचार तज्ज्ञ करतात.

खाण्याची भीती बसलेली असेल, जेवण लपवलं जात असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, तर हाडांचा विषय मागे ठेवा आणि आधी मानसोपचाराची मदत घ्या. अशा आजारात गेलेली घनता वजन सावरल्यावर काही अंशी परत येते, पूर्ण परत येईलच असं नाही.

हे मुलींचंच झालं. मुलग्यांना धोका नसतो का?

असतो, फक्त पाळीसारखी दिसणारी खूण नसते. कमी खाऊन जास्त सराव करणाऱ्या मुलग्यांचं टेस्टोस्टेरॉन घसरतं, हाडं उतरतात. सामान्यतः वयात येताना मुलग्यांचं हाड बाहेरून जास्त रुंदावतं, म्हणून पुरुषांची हाडं मोठी असतात. ज्यांचं वयात येणं बरंच लांबतं, त्यांना या वाढीचा काळ उशिरा मिळतो. चौदा वर्षांनंतरही काहीच बदल दिसत नसतील, तर दाखवून घ्या.

शीतपेयांनी हाडं विरघळतात का?

नाही, बुडबुड्यांचा दोष नाही. जास्त कोला पिणाऱ्या किशोरींमध्ये फ्रॅक्चर जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत, पण त्यामागचं मोठं कारण बहुधा हे की, ज्या पेल्यात दूध असायचं त्यात आता कोला असतो.

वजन जास्त असलेल्या मुलांची हाडं मजबूत असतात ना?

वयाच्या मानाने त्यांच्या हाडात खनिज जास्त असतं, कारण भार जास्त. पण पडल्यावर त्या वजनाचा जो आघात होतो त्याला ते पुरं पडतंच असं नाही, आणि या मुलांमध्ये हाताची फ्रॅक्चर्स कमी नाहीत, उलट काही अभ्यासांत जास्तच आहेत. उपवासाचे प्रयोग नकोत. हालचाल वाढवणं दोन्ही बाजूंनी फायद्याचं.

मुलाचा डेक्सा केला. रिपोर्टवर ‘ऑस्टिओपोरोसिस’ (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) लिहिलंय. आता?

आधी रिपोर्टमध्ये टी-स्कोअर वापरलाय की झेड-स्कोअर ते बघा. टी-स्कोअर म्हणजे तरुण प्रौढांच्या सरासरीशी तुलना. जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ ची उणे २.५ ची रेषा याच स्कोअरसाठी आणि मुळात पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी होती. दहा वर्षांच्या मुलाची हाडं तिशीतल्या माणसापेक्षा कमी भरलेली असणारच. त्यावरून निदान करणं चूक आहे आणि अशी चूक होत असते. मुलांसाठी, तसंच तरुण स्त्रिया व पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यासाठी झेड-स्कोअर वापरायचा, म्हणजे त्याच वयाच्या आणि लिंगाच्या इतरांशी तुलना. तो उणे २ किंवा त्याखाली असेल, तर ‘वयाच्या मानाने घनता कमी’ असं म्हणायचं, त्यापुढे नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. डेक्सा हाडाची पडछाया मोजतो, खोली मोजत नाही. त्यामुळे बुटक्या किंवा उशिरा वयात येणाऱ्या मुलाचं हाड लहान असलं, तरी आकडा ते कमी घनतेचं असल्याचं सांगतो. उंचीनुसार दुरुस्ती केली की अशा अनेक मुलांचा आकडा सामान्य निघतो. म्हणून मुलांमध्ये कमरेचे मणके आणि डोकं वगळून सर्व शरीर, याच दोन जागा मोजाव्यात आणि मुलांच्या तपासणीचा सराव असलेल्याच केंद्रात मोजाव्यात.

मुलांमध्ये ऑस्टिओपोरोसिसचं निदान नुसत्या आकड्यावर होतच नाही. मोठा मार न लागता मणका दबलेला असला, तर घनता कितीही असो, निदान होतं. नाहीतर झेड-स्कोअर उणे २ किंवा खाली आणि सोबत लांब हाडांची फ्रॅक्चर्स, वयाच्या १० वर्षांपर्यंत दोन किंवा जास्त, अथवा १९ वर्षांपर्यंत तीन किंवा जास्त, असं दोन्ही लागतं. निरोगी मुलाचा ‘एकदा बघून ठेवू’ म्हणून डेक्सा करू नये. त्यातला किरणोत्सर्ग नगण्य असतो. त्रास होतो तो चुकीच्या वाचनाने.

कोणत्या मुलांची तपासणी खरोखर करायला हवी?

तोंडावाटे स्टेरॉइड तीन महिने किंवा जास्त काळ चालू असलेली, सीलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) किंवा आतड्याच्या सुजेचा आजार असलेली, रक्ताच्या कर्करोगावर उपचार झालेली, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) किंवा स्नायूंच्या आजाराने चालू न शकणारी, वयात येणं फार लांबलेली, आणि घरात ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा असलेली. या शेवटच्या आजारात कोलॅजनच सदोष असतं. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसणं ही त्याची एक खूण.

स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांचे मणके दुखल्याशिवायही दबू शकतात, म्हणून डेक्साबरोबर पाठीचा बाजूने एक्स-रे काढतात. दम्याच्या नेहमीच्या मात्रेतल्या इनहेलरचा हाडांवर परिणाम झालाच तरी थोडा असतो. हाडांच्या भीतीने तो बंद करू नका. दमा उसळला की तोंडावाटे स्टेरॉइड घ्यावं लागतं आणि ते हाडांना कितीतरी जास्त महाग पडतं.

बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं. त्याची हाडं कायम कमजोर राहतील का?

गर्भाच्या हाडातलं सुमारे ८० टक्के कॅल्शियम शेवटच्या तीन महिन्यांत येतं, म्हणून ही बाळं कमी साठ्यानिशी जन्मतात आणि सुरुवातीला त्यांना जास्तीचं फॉस्फरस-कॅल्शियम द्यावं लागतं. नंतर बहुतेक मुलं भरून काढतात.

मी २४ वर्षांचा आहे. लहानपणी ना खेळलो, ना दूध प्यायलो. वेळ गेली का?

सगळी नाही. मणक्यांमध्ये अजून थोडी भर पडू शकते. जोराचा व्यायाम सुरू केला तर विशीतही हाड प्रतिसाद देतं, फक्त १२ व्या वर्षाइतका नाही. वजनांचा व्यायाम आणि उड्या-धावणं दोन्ही करा. मात्र एकदम झेपावू नका. लष्करातल्या नवशिक्यांना पहिल्या काही आठवड्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर होतात, कारण भार अचानक वाढतो आणि हाडाला बदलायला वेळ मिळत नाही. इस्रायली सैन्यातल्या पाहणीत आधीची दोन वर्षं तरी बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ खेळलेल्यांना ही फ्रॅक्चर्स निम्म्याहून कमी झाली होती. तुम्ही नव्याने सुरू करत असाल तर अंतर, वेग, वजन हे आठवड्यागणिक थोडं थोडं वाढवा.

उलट बाजूने विचारणारेही असतात: शाळेत खूप खेळलो, आता सुटलं, मग सगळं वाया गेलं का? निवृत्त बेसबॉलपटूंच्या चेंडू फेकणाऱ्या हाताचा २०१४ मधला अभ्यास त्यांना दिलासा देईल. तरुणपणी मिळवलेल्या हाडाच्या वाढीव आकाराचा निम्मा आणि वाढीव ताकदीचा एक तृतीयांश फायदा म्हातारपणीही टिकून होता. खनिज कमी झालं, पण रुंदी राहिली.

सिगारेट आणि दारूचा परिणाम इतक्या लवकर होतो?

सिगारेटचा होतो. स्वीडनमध्ये १८ ते २० वर्षांच्या मुलग्यांमध्येच धूम्रपान करणाऱ्यांची घनता आणि हाडाच्या भिंतीची जाडी कमी आढळली. दारू नेहमी आणि जास्त घेतली तर हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात, आणि पडणं-आपटणं वाढतं ते वेगळंच.

गर्भनिरोधक इंजेक्शनने हाडं कमजोर होतात असं वाचलं.

दर तीन महिन्यांनी घेतलं जाणारं मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन चालू असताना घनता उतरते, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ साली त्यावर ठळक इशारा छापायला लावला. दुसरा पर्याय चालत असेल तर ते दोन वर्षांपुढे लांबवू नये, असा त्याचा आशय. बंद केल्यावर घनता बहुतांशी परत येते. नको असलेली गर्भधारणा टाळणं हेही महत्त्वाचंच, तेव्हा मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोलून पर्याय ठरवा.

बाळाला अंगावर पाजल्याने आईची हाडं झिजतात का?

तेवढ्या काळापुरती घनता काही टक्के उतरते आणि पाजणं थांबल्यावर पुढच्या काही महिन्यांत भरून येते. त्यासाठी पाजणं कमी करू नका.

घनता कमी निघाली तर हाडं वाढवण्याचं औषध तरुणांना देतात का?

केवळ आकडा कमी आहे म्हणून नाही. बिस्फॉस्फोनेट वर्गातली औषधं झीज थांबवतात, पण हाडात वर्षानुवर्षं साठून राहतात, आणि पुढे मूल हवं असलेल्या तरुणींबाबत म्हणूनच हात आखडता घेतात. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, स्टेरॉइडमुळे मणके दबलेली मुलं, वारंवार फ्रॅक्चर होणारे, अशांना ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात. सुरू करण्याआधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची कमतरता भरून घेतात, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाऊ शकतं. दातांची मोठी कामं राहिली असतील तर तीही आधी उरकतात. बाकीच्यांसाठी कारण शोधणं, ते दूर करणं आणि वर्ष-दीड वर्षाने, शक्यतो त्याच यंत्रावर, पुन्हा मोजणं.